नोंद आहे, वाचता येत नाही

गतवर्षीच्या श्रावणातील प्रसंग आहे. सिहोरा परिसरातील धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती आणि दवाखान्यात पावसाळी रुग्णांची नेहमीची गर्दी सुरू झाली होती. तीस-एकतीस वर्षांचा एक शेतकरी तरुण दोन दिवसांच्या अजीर्णाने व बारीक तापाने हैराण होऊन आला. जिभेवर साम लेप, अरुची, अंग जड. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांचा हात ज्या बरणीकडे जातो तिच्याकडेच आमचाही गेला. संजीवनी वटी, आल्याच्या रसासोबत. पुडी बांधून होत आली असता सोबत आलेली त्याची आई म्हणाली, “साहेब, याले लहानपणी बिबा उतला होता. तुमीच पाह्यलं होतं ना?”

संजीवनीच्या घटकांत भल्लातक आहे, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शोधन कितीही काटेकोर केलेले असो, ज्याच्या अंगावर बिबा एकदा उतला त्याच्या वाट्यास पुन्हा तो जाऊ द्यावयाचा नाही, हा आम्ही आमच्या गुरुजनांकडून घेतलेला धडा. आमच्या भागात बिबा रानात मुबलक. टाचेला काटा रुतला, पायाला भेग पडली की घरोघर बिब्याचा चटका देण्याची पद्धत. त्यामुळे तो उतलेले रुग्णही आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पुडी मागे घेतली, लंघन, शुंठीसिद्ध जल व दुसरा पाचक योग देऊन त्याला पाठविले. तो चार दिवसांत बरा झाला. प्रकरण येथेच संपावयाचे. परंतु आमच्या मनातून ते गेले नाही. कारण त्या मुलाची नोंद आम्ही केलेली होती. २००६ सालची, आमच्याच संगणकात.

त्या रात्री दवाखाना बंद झाल्यावर आम्ही जुनी फाईल उघडली. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, मध्येच कंस, वर-खाली टिंबे, कोठे विदेशी नाण्यांची चिन्हे, असा सगळा कचरा. रुग्णाचे नाव त्यात कोठे असेल याचा अंदाजही लागेना. सुमारे चार वर्षांच्या केसपेपरांचा हा संचय आम्ही एका होतकरू मुलाला महिन्याचे मानधन देऊन टंकित करून घेतला होता. त्याचे काम झाल्यावर, जागा अडते म्हणून, मूळ कागद रद्दीत घातले होते. तो निर्णय आमचाच होता. त्याचा दोष त्या मुलावर किंवा यंत्रावर टाकता येत नाही.

हे असे का झाले, याचा शोध घेताना जे कळले ते आमच्यासारख्याच इतर वैद्यबंधूंना व औषधालय चालविणाऱ्या मित्रांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत. आम्ही संगणकशास्त्रज्ञ नाही. जाणकारांना यातील पुष्कळ गोष्टी बाळबोध वाटतील. त्यांनी क्षमा करावी.

१९९० च्या दशकात व पुढेही अनेक वर्षे आपल्याकडे संगणकावर मराठी लिहिले जाई ते कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा नावांच्या फॉन्टांतून. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला ठाऊक असलेल्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवावयाच्या. कृतिदेव फॉन्टात ‘कमल’ हा शब्द टंकित केला, की संगणकाच्या स्मृतीत प्रत्यक्षात डी, ई आणि वाय ही तीन रोमन अक्षरेच साठविली जातात. पडद्यावर दिसणारे ‘कमल’ हा केवळ वरचा पोशाख. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही, त्यात पोशाख उतरतो आणि आतले रोमन अक्षर उघडे पडते. शिवाय प्रत्येक फॉन्टाची बसवणी वेगळी. एकात ‘क’ जेथे आहे तेथे दुसऱ्यात ‘प’ असू शकतो. काही संचांना तर यंत्राच्या मागे खोचावयाचे एक हार्डवेअर कुलूप लागे. ते कुलूप हरवले किंवा नव्या यंत्राला ती खाचच नसली, की विकत घेतलेला संचही निरुपयोगी.

औषधालयवाल्यांना या प्रकाराची एक निराळी चुणूक मिळालेली असेल. साठ्याची यादी कृतिदेवात लिहून संगणकाला ‘अनुक्रमे लाव’ म्हणून सांगावे, तर तो ती रोमन अक्षरांच्या क्रमाने लावी. मग कांचनार गुग्गुळ प्रथम, त्यामागून महासुदर्शन, पुढे पुनर्नवा, रास्ना, चंद्रप्रभा, तालीसादि, नारायण तेल, आणि बिचारे अविपत्तिकर चूर्ण, नावात ‘अ’ असूनही, थेट शेवटाकडे, गोक्षुरादीच्या शेजारी. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित करावी लागते. म्हणून चित्रकादि, सितोपलादि आणि हिंग्वाष्टक ही तीन वेगवेगळ्या आद्याक्षरांची औषधे एकाच रांगेत, वेलांटीच्या नावाखाली गोळा होत. अनेक दुकानदारांनी ‘संगणकाला मराठी येत नाही’ असा निष्कर्ष त्या वेळी काढला आणि यादी इंग्रजीत ठेवावयास आरंभ केला. आजही पुष्कळांच्या यादीत ‘गुग्गुळ’ या एकाच शब्दाची रोमन लिपीतील तीन-चार स्पेलिंगे नांदत आहेत; परिणामी कपाटात असलेला माल ‘शिल्लक नाही’ म्हणून दाखविला जातो.

वास्तविक यावर उपाय त्याआधीच झालेला होता, ही या कथेतील सर्वांत चुटपुट लावणारी बाब. भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट नावाचे तंत्र कानपूरच्या आयआयटीत विकसित झाले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच संकेतप्रणाली असावी म्हणून भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. युनिकोडात ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे. तो कोणत्याही फॉन्टात, कोणत्याही देशातील यंत्रावर ‘क’ च राहतो. वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, जशी आपण ती उच्चारतो. विंडोज २००० पासून ही सोय सर्वसामान्य संगणकात आली आणि तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट रेखाटला होता प्रा. र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने. म्हणजे आम्ही २००६ साली ज्या यंत्रावर नोंदी करवून घेत होतो, त्याच्या पोटात एका मराठी माणसाने रेखाटलेली खरी देवनागरी आयती बसलेली होती, आणि आम्ही तिला स्पर्शही केला नाही.

का केला नाही? एक तर आम्हांस कोणी सांगितले नाही. दुसरे, टंकलेखन संस्थांतून मुले रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर शिकून येत आणि त्यांची बोटे जुन्या फॉन्टांना सरावलेली असत. तिसरे कारण छापखाना. तुमसर असो वा भंडारा, औषधांची लेबले, चिठ्ठ्यांची पॅडे, आपल्या संघटनांची स्मरणिका, सर्व काही पेजमेकरवर होई आणि त्यात युनिकोड मराठी चालतच नसे. छापखान्यात चालते तेच खरे मराठी, अशी आमची समजूत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी देवनागरी वर्णमाला प्रमाणित करणारा शासननिर्णय काढला आणि शासकीय कार्यालयांत युनिकोडचा आग्रह वाढला, तेव्हा कोठे हा शब्द आमच्या कानांवर नियमित पडू लागला. तोवर आमचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले होते.

आता त्या फाईलीकडे परत येऊ. जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडात पालटणारे परिवर्तक मिळतात. अनेक तर महाजालावर फुकट आहेत. एका परिचित तरुणाच्या साहाय्याने आम्ही तसा एक वापरला. क्षणार्धात पडद्यावर मराठी उमटली, तेव्हा खरोखर डोळे भरून आले. त्या मुलाचे नावही सापडले. मग आम्ही संपूर्ण फाईलीत ‘वर्ज्य’ हा शब्द शोधला. कारण ज्याला जे द्रव्य चालत नाही त्याच्या कागदावर ‘अमुक वर्ज्य’ असे लिहिण्याची आमची जुनी शिस्त. यंत्राने उत्तर दिले, असा शब्द एकदाही नाही.

हे शक्य नव्हते. पान पान वाचावयास घेतले तेव्हा उलगडा झाला. रफार हा आपण अक्षराच्या डोक्यावर देतो. जुन्या फॉन्टांत तो अक्षरानंतर टंकित होई, युनिकोडात तो अक्षराआधी साठवावा लागतो. ही अदलाबदल करताना परिवर्तकाची जोडाक्षरापाशी गफलत होते आणि ‘वर्ज्य’ चे ‘वज्र्य’ होते. काही वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील जुन्या मजकुरात हाच ‘वज्र्य’ आम्ही पुढे पाहिला. तोवर तो आम्हांस मुद्रणदोष वाटे. आमच्या फाईलीत मात्र तो दोष नुसता शुद्धलेखनाचा नव्हता. ‘भल्लातक वज्र्य’ ही ओळ तेथे होती आणि शोधणाऱ्याला ती नाही म्हणून सांगितले जात होते. ‘वज्र्य’ शोधल्यावर सत्तावन्न रुग्ण निघाले. त्यांपैकी बरेचजण आजही आमच्याकडे येतात.

याच ओघात आमच्या गावाच्या नावाचीही फटफजिती झाली. ‘सिहोऱ्यात’ हा शब्द परिवर्तकाने सर्वत्र ‘सिहोर्यात’ केला. मराठीतील हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘ऱ्’ हिंदीत नाही, म्हणून हिंदीसाठी सिद्ध केलेल्या साधनांना तो पुष्कळदा उमजत नाही. युनिकोडात त्यासाठी ‘ऱ’ ला वेगळे स्थान आहे. तो घेऊन पाय मोडावा लागतो. हा भेद क्षुल्लक समजू नये. आमच्या एका जुन्या समारंभपत्रिकेच्या मसुद्यात ‘आचाऱ्यांस दक्षिणा’ या खर्चाच्या ओळीचे ‘आचार्यांस दक्षिणा’ असे रूपांतर झालेले आढळले. स्वयंपाक्याचे पैसे गुरुवर्यांच्या नावे लागले.

आम्ही सरहद्दीवरचे लोक. बपेऱ्यापलीकडे मध्यप्रदेश, तिकडचे रुग्ण हिंदीतील जुनी चिठ्ठी घेऊन येतात आणि नावे हिंदी वळणाने सांगतात. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हाही मध्यप्रदेशातच होता, त्यामुळे एकाच घराण्याचे आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळणे येथे नवलाचे नाही. एकाच रुग्णाचे दोन केसपेपर होण्याचे निम्मे कारण हे आहे. यावर यंत्राकडे उत्तर नाही. गाव, वय व वडिलांचे नाव विचारून मगच जुना कागद शोधावा, हीच खबरदारी.

लिपी बदलल्यामुळे वैद्यकीय नोंद मुकी होणे हा प्रकार संगणकाने प्रथम आणला असे मात्र नाही. आमच्या घरी रुमालात बांधलेली योगांची एक वही आहे. तिची काही पाने मोडीत आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात येथील व्यवहार मोडीतून चाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी लेखनव्यवहारातून जवळजवळ मावळली. ती पाने आमच्या वडिलांना अडखळत वाचता येत. आम्हांस येत नाहीत. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही स्थान मिळाले, परंतु त्याने आमच्या वहीतील अक्षर आपोआप वाचले जाणार नाही. फरक इतकाच, की मोडी मावळावयास अनेक पिढ्या लागल्या आणि आमच्या फॉन्टाला एक पिढीही लागली नाही.

शोधता येईल अशा रूपात ज्ञान नसले तर काय होते, याचा राष्ट्रीय पातळीवरील अनुभव आपल्या शास्त्राने घेतलेला आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर एकस्व मिळाले. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असलेली गोष्ट तेथील परीक्षकाला ठाऊक नव्हती, कारण त्याच्या शोधयंत्रात ती नव्हती. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९६ साली त्यास आव्हान दिले, संस्कृत ग्रंथांसह ३२ लिखित संदर्भ सादर केले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. यातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत, वर्गीकरण करून मांडण्यात आले. आज त्यात चार लाखांहून अधिक योग आहेत, आणि २००९ पासून युरोपीय एकस्व कार्यालय अर्ज तपासताना ते पाहू शकते. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की वाद जिंकला तो लिखित, तारीखवार, दुसऱ्याला वाचता येणाऱ्या पुराव्याने. ‘आमच्याकडे पूर्वापार चालते’ या वाक्याने नव्हे.

शोधयंत्र अक्षरे जुळवते, द्रव्य नव्हे. याबाबतीत आपली पर्यायनामांची संपत्ती यंत्राला गोंधळात पाडते. ‘अमृता’ म्हणजे गुडूची, हे खरे; पण हरीतकीच्या सात प्रकारांतील एकीचेही नाव अमृता आहे. नोंदीत एके ठिकाणी गुळवेल, दुसरीकडे गुडूची, तिसरीकडे अमृता असे लिहिले असेल तर शोधताना दोन तृतीयांश कागद निसटतात. २०२० च्या महामारीत मोबाईलवरून फिरलेल्या संदेशांनी घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध तिच्याशी जोडला, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला तो मुख्यतः वनस्पतीच्या ओळखीवर: रुग्णांनी घेतलेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती काय, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात? त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या दफ्तरी, त्या काळात दिलेली गुळवेल कोठून आली, ओली होती की सुकी, कोणत्या मात्रेत दिली, याची नोंद सापडेल? आमच्या दफ्तरी सापडली ती अर्ध्याहून कमी रुग्णांची, हे खेदाने नमूद करतो.

या सर्वातून आमच्या दवाखान्यात जे बदल झाले ते सांगतो. नवी नोंद केवळ युनिकोडात होते आणि द्रव्याचे एकच नाव, आमच्या ठरावीक यादीतील, वापरले जाते. तपासणीच्या वेळचा कागद आम्ही पुन्हा सुरू केला आहे. पेनाने लिहिलेला, वर्षवार बांधलेला. वर्ज्य द्रव्ये कागदावर तांबड्या शाईने आणि संगणकात पहिल्या ओळीत. ‘संजीवनी’ सारख्या योगांच्या बरणीवर आतील तीव्र द्रव्यांची नावे चिकटवली आहेत. पुडी बांधणाऱ्या मुलाच्या हाताला ती दिसली पाहिजेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या निमित्ताने बहुतेक औषधालयांत देयके करणारी प्रणाली आलीच आहे. तिच्या विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: उद्या तुमची प्रणाली सोडली तर आमची यादी साध्या, कोठेही उघडणाऱ्या तक्त्याच्या रूपात आम्हांस परत मिळेल काय? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरा विक्रेता पाहावा.

मोबाईलवर बोलून मराठी लिहिण्याची सोय आम्हीही वापरतो. पत्रव्यवहारास ती उत्तम. औषधयोजनेस मात्र आम्ही ती बंद केली, कारण ‘रास्नासप्तक’ म्हटल्यावर तिने एकदा ‘रस्ता सप्ताह’ लिहिले होते. ते हसण्यावारी गेले. मात्रा चुकली असती तर गेले नसते. रुग्णाच्या त्वचेची छायाचित्रे वैद्यांच्या व्हॉट्सॲप समूहांत चेहऱ्यासकट टाकण्याची प्रथाही आम्हांस पसंत नाही. सल्ला अवश्य घ्यावा, चेहरा व नाव झाकून घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेने १० जानेवारी २०२४ रोजी रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी निदानांचे स्वतंत्र प्रकरण दिल्ली येथे प्रसृत केले. ज्वर, अम्लपित्त, आमवात यांना आता संकेतांक आहेत. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे कारकुनी ओझे वाटते. आम्हांसही प्रथम वाटले होते. परंतु अंकाला फॉन्ट लागत नाही, हा त्याचा गुण ‘वज्र्य’ च्या अनुभवानंतर आम्हांस पटला आहे. मात्र अंकासोबत आपल्या शब्दांतील संप्राप्तीही लिहावीच.

जुनी फाईल दुरुस्त करण्याचे काम अजून चालू आहे. रोज दवाखाना बंद झाल्यावर पंधरा-वीस कागद. रफार तपासावयाचे, मात्रांचे आकडे रुग्णाकडे उरलेल्या जुन्या चिठ्ठीशी ताडावयाचे, जेथे शंका उरते तेथे ‘शंकित’ असे लिहून ठेवावयाचे. चिठ्ठी जपून ठेवणारे रुग्ण आमच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघाले. एका आजीबाईंनी तर २००४ पासूनच्या सर्व चिठ्ठ्या तांदळाच्या कोठीतून काढून दिल्या. सत्तावन्न वर्ज्यांपैकी एकेचाळीस जणांना प्रत्यक्ष निरोप धाडून झाला. उरलेल्यांपैकी काही गाव सोडून नागपूरकडे गेले आहेत, तिघे हयात नाहीत. त्या तरुणाचा कागद आम्ही सर्वांत आधी पूर्ण केला आणि त्याची एक प्रत, मोठ्या अक्षरांत, त्याच्या आईच्या हाती दिली. तिला वाचता येत नाही. तिने ती घडी करून मुलाच्या खिशात घातली.